तिसऱ्यांदा पुढे आलेला हात

माझ्या नोकरीतली पहिली टिप मी घेतली नाही. नको होती असं नाही. फोनचं कार्ड घ्यायलासुद्धा खिशात पैसे नव्हते. प्रवासी जहाजाची सात दिवसांची सफर संपत आली होती, शेवटचं जेवण झालं होतं, आणि माझ्या टेबलावरचे स्कॉटलंडचे एक म्हातारे आजोबा हातात पांढरं पाकीट घेऊन उभे राहिले. मी म्हटलं, "नो नो, सर." त्यांनी पाकीट पुन्हा पुढे केलं. मी हात मागे नेले आणि आणखी नम्रपणे नको म्हटलं. आजोबांनी बायकोकडे पाहिलं, पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं, माझा हात हातात घेऊन दाबला आणि निघून गेले. मी तिथंच उभा राहिलो, ते तिसऱ्यांदा कधी देतात याची वाट बघत.

यात माझं काय चुकलं हे यवतमाळकडच्या आमच्या नेरच्या कुठल्याही माणसाला विचारा. तो म्हणेल, काहीच नाही. आमच्याकडे मामा परत जायला निघाला की भाच्याच्या हातावर दहाची नोट ठेवतो. भाच्याने हात पाठीमागे लपवायचे. आईने म्हणायचं, "राहू द्या ना भाऊ, कायले?" मामाने पुन्हा द्यायची, पोराने पुन्हा नको म्हणायचं. मग मामा पोराला जवळ ओढतो आणि नोट सरळ शर्टाच्या खिशात कोंबतो. पहिल्या वेळी घेणारं पोट्टं हावरं ठरतं, आणि तिसऱ्यांदा न देणारा मामा कंजूस. हे कोणी शिकवत नाही, आईच्या दुधाबरोबर येतं.

माझ्या वरचा वेटर आर्नेल नावाचा फिलिपिनो माणूस होता. बारा वर्षं जहाजावर काढलेली, तीन पोरं मनिलाजवळच्या गावात. मी त्याला झालेला प्रकार सांगितला तेव्हा तो हातातला ट्रे खाली ठेवून हसला. मग म्हणाला, "त्याच्या देशात एकदाच विचारतात. त्यानं तुला दोनदा विचारलं. फार चांगला माणूस होता तो." त्या दिवशी त्याने मला धंद्याचा पहिला धडा दिला. हात पुढे आला की आपला हात पुढे. डोळे माणसाच्या तोंडाकडे, पाकिटाकडे नाही. पाकीट त्याच्यासमोर उघडायचं नाही, चाचपायचंसुद्धा नाही. आणि आभार पाकीट हातात पडायच्या आत मानायचे, म्हणजे ते पाकिटाचे वाटत नाहीत, माणसाचे वाटतात.

लोकांना वाटतं जहाजावर मोठा पगार असतो. आमच्या नेरात तर अजून वाटतं. खरं सांगायचं तर कंपनी आम्हा वेटरांना पगार म्हणून जे द्यायची ते साबण आणि फोनकार्डात संपलं असतं. आमचं पोट पाहुण्यांच्या हातात. एका वेटरकडे चार-पाच टेबलं, वीस-बावीस माणसं. तीच माणसं, तीच टेबलं, रोज संध्याकाळी. पहिल्या दिवशी कोणाला पाण्यात बर्फ लागत नाही हे पाहून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी न सांगता बिनबर्फाचं पाणी ठेवायचं. यातच अर्धी टिप असते. शेवटच्या जेवणाला पाकिटं मिळायची. पुढे पुढे कंपनीने रोजची ठरावीक रक्कम बिलातच लावायला सुरुवात केली, पण ती नको असेल तर पाहुणा काउंटरवर जाऊन काढून टाकू शकायचा. काढणारे काढायचे.

आणि हो, प्रत्येक सफरीत एकदा आम्हाला सगळ्या वेटरांना नॅपकिन डोक्यावर गरगर फिरवत टेबलांमधून नाचावं लागायचं. हे मी घरी कधीच सांगितलं नाही.

घरी न सांगितलेली दुसरी गोष्ट म्हणजे टिप. त्यासाठी आधी माझ्या बाबांबद्दल सांगायला पाहिजे.

बाबांचं कॅन्टीन कापूस बाजाराच्या फाटकाला लागून होतं. सीझनला गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत यायची. माणसं दोन-दोन दिवस कापसावर झोपून नंबराची वाट पाहायची आणि बाबांचा चहा प्यायची. मी शाळेतून आलो की कपबशा विसळायचो. म्हणजे वेटर मी जहाजावर झालो नाही, जन्मजातच होतो. कॅन्टीनमध्ये बाबांचा एक नियम होता: चहाचे जेवढे होतात तेवढेच घ्यायचे. कोणी बशीत चार आणे सोडून गेला तर बाबा गल्ल्यावरून उठून फाटकापर्यंत त्याच्या मागे जायचे आणि परत द्यायचे. मी एकदा असे आठ आणे खिशात टाकले तेव्हा कानफटात बसली होती. बाजारात कुठेही बसा, वजनाचा काटा, रांगेतला नंबर, कापसाची प्रत, सगळीकडे कोणीतरी हळूच म्हणणारा असतो, "चहापान्याचं पाहा." बाबा खरा चहा विकायचे आणि त्यांना या चहापाण्याची शिसारी होती. त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "वरचा पैसा दोघंच घेतेत. लाचखाऊ, नाही तं भिकारी."

मग ती वाईट वर्षं आली. कापसाची. त्या वर्षांवर पुष्कळ लिहून झालं आहे, मी आणखी काय लिहू. मला दिसलं ते एवढंच की फाटकाबाहेरची रांग आधी निम्मी झाली, मग दहा-बारा गाड्यांवर आली. बाबांनी दुधाचा रतीब दोन वेळा कमी केला. मी यवतमाळच्या एका हॉटेलात वेटर होतो, तिथून नागपूरला एक कोर्स केला आणि एका एजंटाच्या मार्फत जहाजावर गेलो. निघताना बाबांनी विचारलं, "पगार किती?" मी आकडा सांगितला. तो पगार आणि टिप मिळून होता, पण मी "पगार" म्हणालो. बाबा दुसऱ्या दिवसापासून कॅन्टीनमध्ये सांगू लागले, आमच्या रमेशले जहाजात पगार हाये. त्यातला "पगार" हा शब्द ते जरा थांबून म्हणायचे, असं आईने मला सांगितलं.

त्या पैशातून घरामागे एक खोली काढायला सुरुवात झाली. भिंती उभ्या राहिल्या, वर सळया निघाल्या. स्लॅब पुढच्या खेपेच्या पैशातून टाकायचा होता.

जहाजावर माणसं तऱ्हेतऱ्हेची भेटली. कॅनडाच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्या रोज जेवण झाल्यावर मला दहापैकी मार्क द्यायच्या. एके दिवशी सूप आणि ब्रेडमध्ये अंतर पडलं म्हणून साडेसहा दिले. शेवटच्या पाकिटात सगळ्या मार्कांची बेरीज लिहिलेली चिठ्ठी होती, आणि खाली शेरा: सुधारणा दिसते. दुसरं एक कुटुंब सहा दिवस माझ्याकडून दोन-दोनदा गोड मागून खायचं, पोरं माझ्या खांद्यावर चढायची, आणि सातव्या दिवशी टेबल रिकामं. शेवटच्या दिवशी टेबल रिकामं दिसलं की वेटरने ओळखायचं, मंडळी वर बुफेला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुटुंब मला लिफ्टमध्ये सापडलं. पाच मजले आम्ही एकत्र उतरलो. बाप लिफ्टच्या बटणांकडे बघत होता, आई पोराच्या बुटाची बांधलेली नाडी पुन्हा बांधत होती. मी शुभ प्रवास म्हटलं आणि तीन मजले गप्प उभा राहिलो. तेवढाच सूड घेता येतो आमच्या धंद्यात.

तिसऱ्या करारात माझं जहाज सिंगापूरहून सुटणारं होतं. एका सफरीत आमच्या टेबलांवर एक मोठा भारतीय ग्रुप आहे असं यादीत आलं. बियाणं आणि फवारणीची औषधं बनवणाऱ्या कुठल्याशा कंपनीने आपल्या विक्रेत्यांना बक्षीस म्हणून आणलं होतं. ज्यांनी टार्गेटच्या वर माल खपवला ते. मी पाण्याचा जग घेऊन सहा नंबरच्या टेबलाशी गेलो आणि समोरून आवाज आला, "अबे, तू कॅन्टीनवाल्याचा रम्या ना बे?"

दिवाकरभाऊ होते. नेरच्या मेन रोडवर त्यांचं कृषी केंद्र. बाबांच्या कॅन्टीनमध्ये रोज दुपारी चहा प्यायला यायचे, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचे आणि साखर कमी म्हणायचे. मी लहानपणी त्यांची कपबशी शेकडो वेळा विसळली असेल.

आमचं गाव सोडून मी इतक्या दूर आलो आणि गावच माझ्या टेबलावर येऊन बसलं. आनंद झाला हे मी लपवणार नाही. दिवाकरभाऊंनी सगळ्या टेबलाला माझी ओळख करून दिली, आपल्या नेरचा पोरगा म्हणून. त्यांच्यातल्या एकाने स्टीलच्या डब्यात ठेचा आणला होता. मी किचनमधल्या मंगलोरी स्वयंपाक्याच्या पाया पडून रोज त्यांच्यापुरती तुरीची डाळ करून घेतली. मुख्य वेटरने डोळे वटारले, पण ते विक्रेते बोटं चाटत जेवले. जेवताना त्यांच्या धंद्याच्या गोष्टी चालायच्या. त्या वर्षी आमच्या भागात बोंडअळीने कहर केला होता, माणसं दहा-दहा फवारण्या करत होती, तरी हाती काही लागत नव्हतं, हे आईने फोनवर सांगितलं होतं. टेबलावर एक जण म्हणाला, असंच साल गेलं तर पुढच्या वर्षी युरोप पक्का. दिवाकरभाऊ हसले नाहीत. ताटातली डाळ कालवत राहिले. मी पाणी वाढलं. पाहुण्याच्या बोलण्यात वेटरने पडायचं नसतं.

शेवटचं जेवण झालं. दिवाकरभाऊ उठले आणि पाकीट पुढे केलं. आता मी तयार वेटर होतो. आर्नेलचा धडा पाठ होता. हात पुढे आला की आपला हात पुढे. पण समोर नेरचा माणूस होता. माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "राहू द्या ना भाऊ, कायले?"

त्यांनी पुन्हा दिलं. माझे हात माझ्याही नकळत पाठीमागे गेले. मी म्हटलं, "नाही भाऊ, घरचे मानसं तुमी."

आणि मग दिवाकरभाऊंनी एका हाताने मला जवळ ओढलं आणि दुसऱ्या हाताने पाकीट माझ्या पांढऱ्या जाकिटाच्या खिशात कोंबलं. तीन वर्षांत कोणी तिसऱ्यांदा दिलं नव्हतं. मी मान खाली घातली आणि लहान पोरासारखा हसलो. त्याच वेळी त्यांच्या ग्रुपमधल्या कोणीतरी फोटो काढला.

तो फोटो दिवाकरभाऊंनी फ्रेम करून दुकानात लावला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगतो. गल्ल्याच्या मागे जहाजाचे पाच-सहा फोटो, त्यात हा एक. गावचा पोरगा परदेशात भेटला म्हणून ते प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवायचे, आणि बघा कशी टिप दिली तेही सांगायचे. बाबा तिथे उंदराचं औषध घ्यायला गेले होते. दुकानात फवारणीचा डबा न्यायला आलेली चार-पाच माणसं उभी होती. दिवाकरभाऊंनी कौतुकाने फोटो बाबांच्या हातात दिला.

आईने हे मला फोनवर सांगितलं. बाबा औषध न घेता घरी आले, म्हणाली. जेवले नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला सांगितलं, काम बंद.

पाच महिन्यांनी मी घरी आलो. बाबांनी माझ्यासमोर चहाचा कप ठेवला आणि विचारलं, "पगार किती हाये तुले? पगार."

मी खरा आकडा सांगितला. बाकीचं कसं मिळतं तेही सांगितलं. मी पुष्कळ समजावलं. तिकडे पगारच असा देतात, टिप ही लाच नाही, भीक नाही, ती मजुरीच आहे, फक्त मालकाऐवजी पाहुणा देतो. बाबा ऐकत होते. त्यांनी वाद घातला नाही, त्याने जास्त लागलं.

"मी त्या मानसाले तीस वर्सं चहा देल्ला," बाबा म्हणाले. "चहाचे पैसे घेतले अन् बरोबरीनं बसलो. तू त्याच्यापुढं मान वाकोली. वरतून हसून राह्यला."

मी हसलो ते पैशासाठी नाही, त्यांनी तिसऱ्यांदा दिलं म्हणून, हे मला सांगता आलं नाही. म्हणजे तोंडापर्यंत आलं होतं. पण असं काही मोठ्याने बोललं की खोटं वाटतं, म्हणून मी चहा पिऊन उठलो. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. आजवरची माझी हीच एक मोठी चूक.

त्यानंतर मी जहाजावर आणखी अकरा वर्षं काढली. वेटरचा मुख्य वेटर झालो. नव्या पोरांना पाकीट कसं घ्यायचं ते मी शिकवू लागलो, आणि आपल्याकडची पोरं आली की आधीच सांगून ठेवायचो, इथं दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही. घरी पैसे पाठवत राहिलो. आई किराणा, औषधपाणी त्यातून करायची, बाबांना ते माहीत होतं आणि ते त्यावर बोलायचे नाहीत. पण स्वतःच्या अंगावर त्यांनी त्यातला रुपया घेतला नाही. मी आणलेलं घड्याळ कपाटात राहिलं. कॅन्टीन कसंबसं चालवून स्वतःचं धोतर स्वतःच्या पैशाने घेतलं. आणि घरामागची खोली तशीच, बिनछपराची. सळया आभाळाकडे उभ्या. मी दर खेपेला म्हणायचो, बाबा, स्लॅब टाकून घेऊ. ते म्हणायचे, पाहू. आई त्या सळयांना दोरी बांधून कपडे वाळत घालायची.

शेवटी माझे गुडघे गेले आणि मी परत आलो. आता नेरातच लग्नाकार्याच्या जेवणाची कामं घेतो. वाढणाऱ्या पोरांना बिनबर्फाच्या पाण्याचं सांगतो, ते माझ्यावर हसतात.

मागच्या वर्षी बाबा न्हाणीत पडले. खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि चौदा दिवस ते खाटेवर होते. तिथे वॉर्डात एक मावशी होती, चाळिशीची, बाभूळगावकडची. बाबांना कुशीवर वळवणं, अंग पुसणं, भांडं देणं-घेणं, सगळं ती करायची. पहिल्या दिवशी बाबांनी भांडं मागायला इतका उशीर केला की चादर बदलावी लागली. लाजेने त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवसापासून मावशी न मागता वेळेवर यायची. वेळ पाहून ठेवली होती तिने. मी खाटेशी बसून ते बघत होतो आणि मला वाटलं, ही आमच्याच धंद्यातली आहे.

बाबाही बघत होते. पडल्या पडल्या त्यांना दुसरं काम नव्हतं. एका दुपारी मला अचानक म्हणाले, "तुमच्या तिकडे देतानी मानूस तोंडाकडे पाह्यते का?"

मी म्हटलं, चांगला असला तर पाहतो. "अन् नसला तं?" मी म्हटलं, तर आपण पाहायचं. बाबा थोड्या वेळाने झोपले.

सुट्टी मिळाली त्या दिवशी मी चाकाची खुर्ची आणली. मावशीने बाबांना खाली उतरवायला मदत केली. बाबा खुर्चीत बसले आणि बंडीच्या आतल्या खिशात हात घालून काही शोधू लागले. दोनशेची नोट निघाली, चार घड्या घातलेली. त्यांनी ती मावशीपुढे धरली.

"राहू द्या ना बाबा, कायले?" मावशी म्हणाली.

बाबांचा हात तसाच होता. त्यांनी तो आणखी पुढे केला. मावशीने दोन्ही हात पाठीमागे नेले. "नाही बाबा, ड्युटी हाये आमची."

मी खुर्चीच्या मागे उभा होतो. मला बाबांचं तोंड दिसत नव्हतं, फक्त तो हात दिसत होता. वजन गेलेला. सगळा जन्म या माणसाने कोणाला वरचा पैसा दिला नव्हता आणि घेतला नव्हता. हात खाली येतो की काय असं वाटलं.

बाबांनी दुसऱ्या हाताने तिचं मनगट धरलं, तिला जवळ ओढलं, तिच्या तळव्यावर नोट ठेवून बोटं मिटवली. तिच्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "घे माय. माह्या पोरानं असंच कमावून मले खाऊ घातलं. लाजाचं काम नाही."

मावशीने मान खाली घातली आणि हसली.

परतीच्या वाटेवर बाबा गाडीत डोळे मिटून होते. लाडखेड गेलं, दारव्ह्याचा फाटा गेला. मला वाटलं झोपले. नेर जवळ आलं तेव्हा डोळे न उघडताच म्हणाले, "मागच्या खोलीवर स्लॅब टाकून घे."

मी म्हटलं, "पैसे जहाजातलेच लागतीन, बाबा. टिपचे."

"तं मंग?" बाबा म्हणाले. "कोनाचे लागतीन?"